कूलरची खिडकी, उंच झरोका आणि रस्त्याकडच्या झडपा: पडदे सुचवा

निंबसावली
नमस्कार मंडळी. दिग्रसच्या बाजूला आमचं गाव. घर जुनं, विटामातीच्या जाड भिंतींचं. कवेलू काढून वर टिन टाकले. ऊन तापायच्या आत तीन खिडक्यांचं काहीतरी करायचं आहे.

मधल्या खोलीची खिडकी पश्चिमेला. खालच्या अर्ध्या भागात कूलरचं तोंड बसवलेलं, कूलर बाहेर लोखंडी स्टँडवर. वरचा अर्धा भाग उघडा, आणि तीन वाजल्यापासून ऊन तिथूनच सरळ दिवाणावर येते. पडदा लावला की तो कूलरच्या तोंडावर येऊन फडफडतो.

स्वयंपाकखोलीचा झरोका पूर्वेला, स्टुलावर चढूनही हात पुरत नाही. सकाळी डबे करताना ऊन डोळ्यात जाते.

समोरच्या खोलीची खिडकी रस्त्याकडे, दक्षिणेला. सागवानी चौकट, लोखंडी गज, झडपा आत उघडतात. एका बाजूला लागूनच दार, दुसऱ्या बाजूला देवळी, म्हणजे रॉड चौकटीच्या बाहेर काढायला जागाच नाही. भिंतीत ड्रिल मारलं की माती गळते, प्लग धरत नाही. मामाजी, म्हणजे माझे सासरे, दिवसभर तिथे बसतात, मुलगी बारावीला आहे, ती संध्याकाळी तिथेच अभ्यास करते. दिवा लावला की रस्त्यावरून घरातलं सगळं दिसते.

बजेट तिन्ही मिळून ३,००० रुपये, कारागिराची मजुरी धरून.

धरमपेठकर_वहिनी
ताई, झेब्रा ब्लाइंड्स घ्या आणि मोकळ्या व्हा. आम्ही मागच्या दिवाळीला हॉल आणि दोन बेडरूमना लावले, २२,००० लागले, पण एकदाच काय तो खर्च. दोरी ओढली की पट्ट्या एकमेकींवर सरकतात, हवा तेवढा उजेड. ज्यांनी पाहिले त्या सगळ्यांनी दुकानाचा पत्ता विचारला.

कूलरमिस्त्री_आर्णी
वहिनी, त्यायनं ३,००० सांगितले आहेत. अन् आत उघडणाऱ्या झडपेले ब्लाइंड कसा बसन? झडप उघडली का ब्लाइंडले धडकते.

निंबसावली ताई, आता माह्यं ऐका. कूलर बाहेरची हवा आत ढकलते, मंग तेवढीच हवा घरातून बाहेर गेली पाह्यजे. तुमच्या घरात ते समोरच्या खिडकीतूनच जात असन. तिथं जाड पडदा लावला का हवा कोंडते, अंगाले चिकचिक सुटते, अन् लोकं म्हणतात कूलर बिघडला. मी दर उन्हाळ्यात असे घरं पाहातो. कूलर चांगला असते, समोरची खिडकी बंद असते. पंपाले हात न लावता खिडकी उघडून देतो, काम होते.

वर्धेकर
खादी घ्या. जाडसर, पांढरी किंवा मातकट. वर्ध्याच्या मगन संग्रहालयात नैसर्गिक रंगांची खादी मिळते. १९३८ साली गांधीजींच्या हातून उघडलेलं संग्रहालय आहे, पडदे घ्यायच्या निमित्ताने मुलीलाही दाखवून आणा. आमच्या घरी सगळीकडे खादीच आहे, ऊन अडते आणि वारा अडत नाही. शिवायच्या आधी कापड रात्रभर पाण्यात भिजवून वाळवून घ्या. खादी आटते. आमच्या शेजारच्यांनी तसंच शिवून घेतलं, पहिल्या धुण्यात पडदा वीतभर वर गेला.

धरमपेठकर_वहिनी
खादीचा रंग उन्हात उडतो. माझ्या आईकडे दोन वर्षांत पडद्याच्या घड्या पांढऱ्या पडल्या. ब्लाइंड नुसता ओल्या फडक्याने पुसला की झालं.

पऱ्हाटी_पुसद
ब्लाइंडबद्दल माझा अनुभव लिहितो. मी रोलर ब्लाइंड घेतला होता, तोही कूलरच्या खिडकीला. पहिल्याच उन्हाळ्यात खालची पट्टी गंजली, कापडावर काळे ठिपके आले. दुकानदार म्हणतो ओल लागली म्हणून वॉरंटी नाही. अरे बापा, मापं घ्यायला माणूस आला तेव्हा कूलर त्याच्या समोर होता! पैसे गेले ते गेलेच. कूलरजवळ कापडी ब्लाइंड कोणी घेऊ नका.

मास्तर_दारव्हा
दिशा लक्षात घ्या, मग खर्च करा. आपल्याकडे मेच्या उत्तरार्धात सूर्य भर दुपारी बरोबर डोक्यावर येतो, शून्य सावलीचा दिवस म्हणतात तो. जूनमध्ये तर किंचित उत्तरेकडे सरकलेला असतो. म्हणजे भर उन्हाळ्यात दुपारचं ऊन दक्षिणेच्या खिडकीतून आत शिरत नाही. ते डिसेंबर-जानेवारीत शिरते, आणि तेव्हा ते हवंसं असते. उन्हाळ्याचा खरा त्रास पूर्व-पश्चिमेचा, कारण तिथलं ऊन तिरपं येते, छज्जा त्याला अडवू शकत नाही. तुमच्या तिन्हींपैकी पश्चिमेच्या खिडकीवर पैसे घाला. समोरच्या खिडकीचा प्रश्न उन्हाचा नाही, नजरेचा आहे.

दुसरं, ऊन काचेच्या बाहेरच अडवायचं. आत पडदा लावला तर पडदा तापतो आणि ती धग खोलीतच राहते.

हिरवीनेट
मास्तर बरोबर बोलले. ७५ टक्के ऊन अडवणारी हिरवी शेडनेट घ्या, रोपवाटिकेवाले वापरतात ती. कृषी केंद्रात मीटरवर मिळते. बाहेरून टिनाच्या पट्टीपासून खाली स्टँडपर्यंत तिरपी ताणायची. भिंतीला चिकटवू नका, मधून वारा गेला पाहिजे. कूलरवर सावली येते तर टाकीतलं पाणीही कमी तापते.

कूलरमिस्त्री_आर्णी
हाव, पण कूलरले चारीकडून गुंडाळू नका. तीन बाजूच्या ताट्यायतून, म्हंजे पाणी झिरपते त्या पॅडायतून, तो हवा ओढते. नेट अंगाले लागली का श्वास कोंडते त्याचा. दोन हात लांब ठेवा.

गोंडपिपरी_बांबू
हिरवी नेट दोन-तीन उन्हाळ्यांत उन्हाने कुरकुरीत होते, तुकडे पडतात, ते तुकडे आवारात गुरंढोरं खातात. कशाला घ्यायची? बुरडाकडून बांबूची ताटी विणून घ्या ना! आपल्या विदर्भात बांबू असताना प्लास्टिक लावायचं म्हणजे वाईट वाटते. आमच्याकडे चंद्रपूरजवळ चिचपल्लीला बांबू प्रशिक्षण केंद्र आहे, मेळघाटात लवादा गावी संपूर्ण बांबू केंद्र आहे. तिथलं काम एकदा पाहाल तर पडद्याच्या दुकानात पाय ठेवणार नाही. ताटीतून उजेड झिरपतो, वारा येतो, आणि पाणी मारलं की थंडावाही मिळतो.

पऱ्हाटी_पुसद
बांबूला भुंगा लागते. पीठ गळत राहते खाली.

गोंडपिपरी_बांबू
भुंगा लागतो तो कोवळ्या आणि अवेळी तोडलेल्या बांबूला. पक्का, तीन वर्षांच्या वरचा बांबू मागा. बोरॅक्स आणि बोरिक पावडरच्या पाण्यात बुडवून सावलीत वाळवला तर वर्षानुवर्षं काही होत नाही. ताटीसाठी मानवेल जातीचा बांबू चांगला. कटांग जाड आणि काटेरी, तो बल्ल्यांना.

सातबारा
बांबू तोडायला वनखात्याचा परवाना लागतो, उगाच भानगड नको.

गोंडपिपरी_बांबू
ते जुनं झालं. २०१७ मध्ये भारतीय वन कायद्यात दुरुस्ती झाली, वनाबाहेरच्या जमिनीवरचा बांबू आता झाड या व्याख्येत येत नाही. आणि वनातल्या बांबूचं म्हणाल तर गडचिरोलीच्या मेंढा-लेखा गावाने २०११ मध्ये ग्रामसभेच्या हाती वाहतूक पास घेतला, सगळ्या देशाने पाहिलं. इथे तर ताई बाजारातून विणलेली ताटी आणणार आहेत, त्यांना परवाना कशाचा?

सातबारा
दुरुस्ती मला माहीत आहे. मी बांधावरच्या बांबूचा विषय काढला कारण आमच्या शेजाऱ्याने आमच्या धुऱ्यावरचा बांबू तोडून नेला आणि तलाठ्याने...

मास्तर_दारव्हा
धुऱ्याच्या भांडणासाठी वेगळा धागा काढावा, ही विनंती.

उमरखेडची_सून
ताई, समोरच्या खिडकीसाठी मी केलं ते सांगते. आमचंही घर मातीच्या भिंतीचं. भिंतीला हातच लावू नका. झडपा आत उघडतात म्हणजे त्यांच्या मागे, गजांना लागून बोटभर जागा असते. तिथे सागवानी चौकटीतच दोन्हीकडे छोटे हूक फिरवायचे आणि प्लास्टिकचं आवरण असलेली स्प्रिंगची तार ताणून बसवायची. हार्डवेअरच्या दुकानात मिळते, फार स्वस्त. सागवान कडक असते, आधी बारीक छिद्र पाडा, नाहीतर हुकाचं डोकं तुटते. तार चौकटीच्या मापापेक्षा थोडी आखूड कापायची, ताण बसला की मधे झोळ पडत नाही. पडदा फक्त खालच्या अर्ध्याला. वरून उजेड आणि वारा, खालून नजर बंद. झडपाही लागतात. कापड रुंदीच्या दीडपट घ्या, त्यापेक्षा कमी घेतलं तर चुण्या पडत नाहीत, ओढणी बांधल्यावानी दिसते.

धरमपेठकर_वहिनी
स्प्रिंगची तार फार साधी दिसते हो. पाहुणे आले की तीच खोली पहिली दिसते. निदान स्प्रिंगचा रॉड लावा, फिरवला की चौकटीत घट्ट बसतो, हूकही नको.

पऱ्हाटी_पुसद
स्प्रिंग रॉड जाड पडद्याने खाली येतो. रात्री दोन वाजता आमच्या अंगावर पडला. हलक्या कापडालाच ठीक.

लेकुरवाळी_कारंजा
ज्यांच्या घरी लहान मुलं आहेत त्यांनी ब्लाइंडच्या दोरीचा लोंबता फास वर बांधून ठेवा. माझ्या भाच्याच्या गळ्यात अडकला होता, नशिबाने जाऊ घरात होती. निंबसावली ताईंकडे लहान मूल नाही, तरी वाचणाऱ्यांसाठी लिहिते.

आणि ताई, जाळीचा झिरझिरीत पडदा घेऊ नका. दिवसा बाहेरून काही दिसत नाही, पण संध्याकाळी आत दिवा आणि बाहेर अंधार झाला की उलटं होते, सगळं दिसते. तुमची अडचण तर संध्याकाळचीच आहे.

वर्धेकर
म्हणूनच खादी.

रंगारी_नेर
झरोक्याले काच आहे का? काच असन तर आतून दुधी फिल्म चिकटवा, नाहीतर काचेच्या बाहेरून चुना मारा. लांब दांड्याच्या ब्रशनं होते. पावसात धुऊन जाते, पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा मारा.

धरमपेठकर_वहिनी
झरोक्याला मोटरचा ब्लाइंड येतो, रिमोटवर. हात पुरायचा प्रश्नच नाही.

मास्तर_दारव्हा
३,००० रुपये, वहिनी.

धरमपेठकर_वहिनी
मास्तर, मी किंमत सांगितली नाही, सोय सांगितली. एप्रिलमध्ये लाइट जात नसेल तर उपयोग होतोच. नागपुरात २०१३ च्या मे महिन्यात ४७.९ पर्यंत पारा गेला होता, तेव्हापासून आम्ही उन्हाच्या बाबतीत काटकसर करत नाही.

निंबसावली
सगळ्यांचे मनापासून आभार. घरात बसून बोलणं झालं, ठरलं ते लिहिते.

पश्चिमेला बांबूची ताटी. नेट स्वस्त पडली असती हे खरं, पण आमच्या बाजारात बुरड मावशी बसतात, त्यांना माप देऊन आले. खिडकीपेक्षा दोन्हीकडून हातभर रुंद, कूलरच्या वर टिनाखाली तिरपी, म्हणजे मिस्त्री दादा म्हणाले तशी हवा मोकळी राहील. पावसाळ्यात उतरवून माळ्यावर ठेवायची. जवळजवळ अर्धे पैसे इथेच जातील.

झरोक्याला काही लावत नाही. फोडणीचा धूर तिथूनच जातो, काच बसवली नाही ती त्यासाठीच. त्यापेक्षा ओटा पक्का नाही, टेबलच आहे, ते दुसऱ्या भिंतीला सरकवते. गॅसची नळी पुरते, पाहून घेतलं.

समोरच्या खिडकीबद्दल सगळ्यांनी खालचा अर्धा भाग झाका सांगितलं. तो दिवसा उघडाच राहणार. मामाजींना आता चालवत नाही. वावरात जाणारा-येणारा प्रत्येक जण त्या खिडकीशी दोन मिनिटं थांबतो, किती वेचणी झाली, कापसाला काय भाव लागला, हे त्यांना तिथूनच कळते. खाली पडदा आला तर त्यांना फक्त आभाळ दिसेल. मी विचारलं तर म्हणाले, लाव, माह्यं काय. पण उठून झडपेला हात लावून बसले. तेव्हा तार उमरखेडच्या ताईंनी सांगितली तीच, पण पडदा एका बाजूला गोळा करून ठेवायचा आणि मुलगी अभ्यासाला बसली की ओढायचा. कापड आत्याबाईंच्या, म्हणजे सासूबाईंच्या, जुन्या सुती लुगड्याचं. धुऊन धुऊन मऊ झालंय, आटायची भीती नाही.

वर्धेकर
लुगडं जुनं म्हणजे विरलेलं असेल, दक्षिणेच्या हिवाळ्यातल्या उन्हात वर्षभरात फाटेल. खादीचा विचार सोडू नका.

धरमपेठकर_वहिनी
मला नाही पटलं. बारावीची मुलगी आहे, दिवसाही सुट्टीत घरी असणारच. सासरेबुवांची खुर्ची ओसरीत टाकता आली असती.

निंबसावली
वहिनी, आमच्याकडे ओसरी नाही. रस्ता रुंद झाला तेव्हा गेली. मुलगी दिवसा मधल्या खोलीत बसेल, ऊन अडलं की ती खोली बसण्यासारखी होईल.

उमरखेडची_सून
लुगड्याचे काठ वर घ्या, तार ओवायची नेफा त्यातच शिवा. काठ घट्ट विणीचा असते, तिथे फाटत नाही.

हिरवीनेट
नेट घेतली असती तर अर्ध्या पैशात झालं असतं, पण ठीक आहे. ताटी सुतळीने टांगू नका, ऊन-पावसाने कुजते, वादळात खाली येईल, तीही कूलरवर. सळया बांधायची बायंडिंग तार वापरा, चारही कोपऱ्यांना आणि मधे दोन ठिकाणी. तारेची टोकं आत वळवा.

कूलरमिस्त्री_आर्णी
अन् ताटी टांगाच्या आधी कूलरच्या जुन्या ताट्या बदलून घ्या. मंग तिथं हात घालाले जागा राहणार नाही.