मदत हवी आहे: स्वीटवॉटर क्रीक, गिरणीच्या पुढे धबधब्यापर्यंत

अटलांटाच्या पश्चिमेला लिथिया स्प्रिंग्जजवळचं स्वीटवॉटर क्रीक स्टेट पार्क. मंडळी: आम्ही दोघं, चार वर्षांची मुलगी आणि भारतातून आलेल्या सासूबाई (वय ६८, सपाटीवर तासभर आरामात चालतात, उतारावर गुडघा कुरकुरतो).

मागच्या शनिवारी लाल खुणांच्या वाटेने न्यू मँचेस्टरच्या पडक्या कापडगिरणीपर्यंत गेलो. साधारण अर्धा मैल, वाट रुंद, अजिबात त्रास नाही. १८६४ साली यादवी युद्धात जाळलेली गिरणी. छप्पर नाही, नुसत्या विटांच्या उंच भिंती आणि रिकाम्या खिडक्यांतून दिसणारं आभाळ. सासूबाई गिरणगावातल्या, त्या तिथून हलायलाच तयार नव्हत्या! मग लाकडी पायऱ्या उतरलो, पुढे ओल्या पानांखाली खडक आणि मुळं दिसली आणि मागे फिरलो. धबधबा राहिलाच.

नकाशा पाहिलाय, पार्किंगला पैसे लागतात हे माहीत आहे, पाण्यात उतरायचं नाही हेही. बाबागाडी नेणार नाही, मुलीला पाठीवरच्या कॅरिअरमध्ये घेऊ. नुसता "सोपं आहे, जा" असा सल्ला नको, कारण माझ्या सोप्यात आणि त्यांच्या सोप्यात फरक आहे.

ज्येष्ठांना घेऊन कुणी गेलं असेल तर सांगा: पायऱ्यांनंतर हात टेकून उतरावं लागेल असा खडकाळ भाग नेमका किती आहे? की पांढऱ्या खुणांच्या वाटेने उलट्या बाजूने धबधब्याला जाऊन त्याच वाटेने परतलं, तर तो पूर्ण टळतो?