टिकलीखाली पांढरा डाग, नडग्यांना खाज, चेहऱ्याची आग: पाळी गेल्यावर हे सगळं होतंच का?

लष्करवाली (ग्वाल्हेर), १६ जानेवारी

मी ग्वाल्हेरच्या लष्कर भागात राहते, मुलींच्या शाळेत गणित शिकवते. वय ५०. शेवटची पाळी सव्वा वर्षापूर्वी नवरात्रात आली, त्यानंतर नाही. अंगातून वाफा येतात. रात्री दोनदा रजाई भिरकावून उठते आणि पाच मिनिटांत हुडहुडी भरली की पुन्हा ओढून घेते. आईचं हे बघितलं होतं, त्यामुळे मनाची तयारी होती. कातडीचं असं काही होईल हे मात्र मला कुणीच सांगितलं नव्हतं.

नडग्यांवर डिसेंबरपासून आटलेल्या तळ्यासारख्या रेघा पडल्यात. काळे मोजे काढले की आत पांढरा भुसा असतो. झोपेत खाजवते, सकाळी चादरीला रक्ताचे ठिपके दिसतात. इथली थंडी तुम्हाला माहीत आहे, पहाटे पाच-सहा अंश. गीझरचं कडकडीत पाणी दोन बादल्या घेते आणि मग मोहरीचं तेल लावते, आमच्याकडे सगळे लावतात तसं.

चेहऱ्यावर धाकटीच्या बाळंतपणापासून वांग होतं. दोन वर्षांपूर्वी शेजारणीने तिच्या सुनेची ट्यूब दिली. महिनाभरात गाल नितळ झाले, तेव्हापासून मेडिकलमधून तीच आणते. आता दोन दिवस लावली नाही तर चेहऱ्याची आग होते. शाळेत प्रार्थनेला उन्हात उभं राहवत नाही. गालांवर बारीक लाल शिरा दिसायला लागल्यात. ही वाफच आहे की वेगळं काही?

आणि ज्यासाठी खरं तर लिहिते आहे ते. काल हळदीकुंकवाला एकीने कुंकू लावायला माझी टिकली काढली आणि म्हणाली, "अगं, इथे पांढरं काय झालंय?" घरी येऊन आरशात पाहिलं. बरोबर टिकलीएवढा फिकट गोल. माझ्या काकूला कोड होतं. त्यापायी तिचं लग्न दोनदा मोडलेलं मी लहानपणी पाहिलं आहे. माझ्या थोरलीसाठी आता स्थळं बघतोय. घरात कुणाला सांगितलेलं नाही. त्यावर मोठी टिकली लावून आज शाळेत गेले.

जुनी_सिस्टर (ग्वाल्हेर), १६ जानेवारी

तू माझ्या धाकट्या बहिणीच्या वयाची, म्हणून एकेरीत लिहिते. सरकारी दवाखान्यात ३४ वर्षं नर्स होते, त्यातली शेवटची काही स्किनच्या ओपीडीत.

आधी ती टिकली काढ. आजच, आणि मोठी तर मुळीच लावू नको. टिकलीच्या मागच्या गोंदात एक रसायन असतं, ते काही जणींच्या कातडीतल्या रंग तयार करणाऱ्या पेशींना मारतं. त्यामुळे बरोबर टिकलीच्या आकाराचा डाग पडतो. असे डाग घेऊन आलेल्या कितीतरी बायका मी पाहिल्या, बहुतेक तुझ्यासारख्याच घाबरलेल्या. पुष्कळ जणींचा रंग टिकली सोडल्यावर हळूहळू परत येतो, काहींना मलम लागतं. कोड आहे की नाही हे डॉक्टर अंधारात निळसर दिवा लावून, बाकीचं अंग तपासून सांगतील, तू आरशात ठरवू नकोस. आणि समजा कोड निघालं, तरी ते कुणाच्या स्पर्शाने कुणाला लागत नाही. काकूचं लग्न लोकांच्या अज्ञानाने मोडलं, तिच्या कातडीने नाही.

पाळी गेल्यावर कातडी का बदलते ते सांगते, म्हणजे पुढचं समजेल. इस्ट्रोजेन, म्हणजे बायकांचं हार्मोन, कमी झालं की कातडीतलं तेल कमी होतं, ती पातळ होते, पाणी धरून ठेवत नाही. पहिल्या ५ वर्षांत कातडीतलं जवळजवळ ३० टक्के कोलॅजन, म्हणजे तिला घट्ट ठेवणारं प्रथिन, जातं, पुढे दर वर्षी साधारण २ टक्के. म्हणून तीच टिकली, तोच साबण, तेच तेल जे २० वर्षं चाललं, ते आता बाधतं.

नडग्यांसाठी: पाणी कोमट, आंघोळ दहा मिनिटांच्या आत, एक बादली. साबण फक्त काखा, जांघा, पावलं. नडग्यांना साबणाची गरजच नाही. टॉवेलने टिपायचं, घासायचं नाही, आणि कातडी ओलसर असतानाच, दोन-तीन मिनिटांत, जाडसर मॉइश्चरायझर लावायचं. ग्लिसरीन किंवा सेरामाइड असलेलं घे. युरियाचं क्रीम या भेगांवर फार छान काम करतं, पण खाजवून सोललेल्या जागी झोंबतं. तोवर साधी पेट्रोलियम जेली लाव. मोहरीचं तेल बंद. ते लावल्यावर जी ऊब वाटते ना, ती कातडी चुरचुरत असते. खोबरेल चालेल, बाटली गच्चीवर उन्हात ठेवावी लागेल एवढंच. खोलीतला हीटर रात्रभर चालत असेल तर तोही बंद कर, हवा कोरडी करतो.

चेहऱ्याचं मला सगळ्यात जास्त खटकलं. ट्यूबच्या मागे बारीक अक्षरांत काय लिहिलंय ते इथे लिही.

लष्करवाली, १६ जानेवारी

चष्मा लावून वाचलं. मोमेटासोन, हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन.

जुनी_सिस्टर, १७ जानेवारी

मोमेटासोन म्हणजे स्टेरॉइड. ही तिघांची ट्यूब वांगासाठीच असते, पण डॉक्टरने लिहून द्यावी, ठराविक आठवडे लावावी आणि बंद करावी. दोन वर्षं नाही. तुझी आग, लाल शिरा, उन्हात उभं न राहवणं आणि थांबलं की पुन्हा सगळं उसळणं, ही लक्षणं स्टेरॉइडची आहेत. वाफ दोन-चार मिनिटांत छातीपासून डोक्यापर्यंत चढते आणि उतरते. दिवसभर जळत राहत नाही.

यात तुझी चूक नाही. २०१८ मध्ये सरकारने अशी स्टेरॉइडची क्रीमं चिठ्ठीशिवाय विकता येणार नाहीत असा नियम केला, तरी काउंटरवरून सर्रास मिळतात. क्लोबेटासोल, बीटामेथासोन, मोमेटासोन ही तीन नावं घरातल्या प्रत्येक मुलीला पाठ करायला लाव. बंद केल्यावर काही आठवडे चेहरा आणखी लाल होईल, सुजेलही. त्या घाबरण्यातच बायका पुन्हा ट्यूब लावतात. म्हणून बंद करायची ती त्वचारोगतज्ज्ञांच्या देखरेखीखाली. तोवर बेसन, लिंबू, मुलतानी माती, हळदीचा लेप यांतलं काहीही चेहऱ्याला लावू नको. आणि थायरॉइड, साखर, हिमोग्लोबिन तपासून घे. सगळी खाज पाळीच्या माथी मारू नये, थायरॉइड मंदावलं तरी कातडी अशीच होते.

राजवाड्यामागची (इंदूर), १९ जानेवारी

ताई, माझी गोष्ट केसांच्या डायची. पंधरा वर्षं एकच डाय लावत होते. ५२ व्या वर्षी, पाळी जाऊन तीन वर्षं झाली होती, एका रविवारी लावला आणि दुसऱ्या सकाळी डोळे उघडेनात. कानांमागून पाणी सुटलं, कपाळाची कड भाजल्यासारखी झाली. डॉक्टरांनी पाठीवर निरनिराळ्या औषधांच्या पट्ट्या दोन दिवस चिकटवून ठेवल्या आणि सांगितलं, पीपीडी नावाच्या रसायनाची ॲलर्जी आहे. बाजारातल्या काळ्या मेंदीतही तेच असतं, हे मला तेव्हा कळलं. मी तर डायऐवजी काळी मेंदी लावायच्या बेतात होते. आता केस पांढरेच आहेत. तुमच्या कपाळाला खाज असेल तर डायचंही डॉक्टरांना सांगा.

सनस्क्रीनचं राहिलं. प्रार्थनेला रोज उन्हात उभं राहायचं तर एसपीएफ ३० तरी हवं, आणि दोन बोटं भरून. चण्याएवढं लावून काही होत नाही. वांग उन्हाने वाढतंच.

सूरसागर (वडोदरा), २१ जानेवारी

इथे मोकळेपणाने बोलताय म्हणून धीर करून विचारते. वय ५४. खाली, लघवीच्या जागी फार कोरडं पडलंय. बसताना टोचतं, नवऱ्याजवळ जाणं टाळते. साबणाने जास्त वेळा धुते, तर आणखी वाढतं. कुणाकडे दाखवायचं, स्किनवाल्याकडे की बायकांच्या डॉक्टरकडे?

जुनी_सिस्टर, २१ जानेवारी

बरं केलंस विचारलंस. ओपीडीत बायका नडगीची खाज दाखवायला यायच्या आणि उठता उठता दारात हे सांगायच्या.

स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जा. तिथली कातडीही इस्ट्रोजेनवरच पोसलेली असते, म्हणून ती वाळते. वाफा पुष्कळ जणींच्या काही वर्षांत कमी होतात, पण हा कोरडेपणा उपचाराशिवाय सहसा जात नाही. साबण पूर्ण बंद, नुसतं पाणी. जवळीक करताना पाण्याचा बेस असलेलं वंगण वापरता येतं. डॉक्टर तपासून तिथेच लावायचं थोड्या मात्रेचं इस्ट्रोजेन क्रीम देतात, त्याने खूप फरक पडतो. आधी स्तनाचा किंवा गर्भाशयाचा कॅन्सर झाला असेल तर ते पहिल्यांदा सांगायचं.

दोन गोष्टींत उशीर करायचा नाही. तिथे पांढरे चट्टे पडून खूप खाज असेल तर दाखवायचं. आणि पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर एक थेंब जरी रक्त दिसलं, तरी त्याच आठवड्यात दाखवायचं. "परत पाळी आली" म्हणून गप्प बसलेल्या बायका मी पाहिल्या आहेत.

लष्करवाली, १५ मार्च

उशिरा लिहिते आहे, पण सगळं सांगायचं ठरवलं होतं.

डॉक्टरांनी सिस्टरताईंनी सांगितला तसा निळसर दिवा लावून पाहिलं. डाग गोंदाचा आहे, अंगावर दुसरीकडे कुठे नाही. स्टेरॉइड नसलेलं मलम दिलं, रात्री लावते. थायरॉइडच्या तपासणीत टीएसएच वाढलेलं निघालं, म्हणजे थायरॉइड मंदावलंय, सकाळी उपाशीपोटी गोळी सुरू आहे. साखर ठीक आहे. नडग्या आता हात फिरवला तर गुळगुळीत लागतात, चादर स्वच्छ असते.

ट्यूब सोडल्यावरचे तीन आठवडे फार वाईट गेले. चेहरा टोमॅटोसारखा, रात्री ओला रुमाल ठेवून पडायचे. एकदा ट्यूब हातात घेतली होती, टोपण उघडलं होतं. तुमचं लिहिलेलं पुन्हा वाचलं आणि ठेवून दिली. आता आग दिवसातून एखाद्या वेळी होते. वांग परत दिसायला लागलंय, ते दिसू दे.

घरी सांगितलं. यजमान म्हणाले, "एवढे दिवस एकटीच का घाबरत होतीस?" थोरलीने काहीच न बोलता मला खिडकीशी नेलं आणि डागाचा फोटो काढला. तेव्हापासून दर रविवारी, त्याच खिडकीत, सकाळी नऊच्या उजेडात काढते. आज सकाळचा आठवा. मोठा करून पाहिला तर डागाच्या वरच्या कडेला मोहरीहून बारीक असे चार तपकिरी ठिपके आलेत.