आडवी बाटली आणि परवाना

"माझं नुकसान मी करून घेईन, सरकारने मध्ये कशाला पडायचं" हे दारूबंदी किंवा हेल्मेटसक्तीच्या वादात नेहमी ऐकू येणारं म्हणणं तत्त्व म्हणून मला पटतं, पण दारूच्या बाबतीत सगळं गणितच बिघडतं.

आपल्याकडे महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा अजून आहे, म्हणजे घरी निवांत पेग भरायचा तरी कागदावर परवाना लागतो, आणि कडक दारूसाठी वय २५! १८ ला मत द्या, २१ ला लग्न करा, पण व्हिस्कीला अजून चार वर्षं थांबा. परवाना किती जणांकडे असतो ते सोडा, माझ्या ओळखीत तरी एकाकडेही नाही :)

हे मूर्खपणाचंच आहे. पण त्याच राज्यात बायका मतदान करून 'आडवी बाटली' (मतपत्रिकेवरची दारूबंदीची खूण) निवडून आणतात आणि गावातलं दुकान बंद पाडतात, ते मला हस्तक्षेप वाटत नाही. कारण पिणारा एकटा असतो पण पगार, मार आणि पोरांची फी हे सगळं घराचं असतं ना. तिथे 'पर्सनल चॉईस' नक्की कुणाचा?

आता चंद्रपूर बघा, २०१५ ला बंदी, २०२१ ला उठवली, मधल्या काळात चोरटी दारू येतच राहिली. म्हणजे मुंबईत बसून अख्ख्या जिल्ह्याला कुलूप लावणं वेगळं आणि गावाने स्वतः ठरवणं वेगळं. पहिल्याला माझा विरोध, दुसऱ्याला नाही. हेल्मेटचं विचाराल तर सक्ती असूच दे, त्यात स्वातंत्र्य गेलं म्हणणाऱ्यांचा खरा त्रास केस चपटे होण्याचा असतो.