पॅसेजमधला दिवाण

(सोसायटीचा ग्रुप, शनिवार रात्र ते रविवार रात्र)

साठे काकू बी-८, रा. ८.४१
सर्वांना नमस्कार. दुसऱ्या मजल्याच्या पॅसेजमध्ये काल रात्रीपासून एक दिवाण आहे. शेजारी चपलांचा रॅक होताच. त्यावर आता दोन कुंड्या आणि गुंडाळलेली सतरंजी. आत्ता दूध घेऊन येताना दिवाणाचा कोपरा माझ्या गुडघ्याला लागला. त्याच गुडघ्याला. दिवाण कोणाचा ते लिहीत नाही, सगळ्यांना माहीत आहे.

मंजिरी पाटणकर बी-९, रा. ८.४४
काकू, फार लागलं का? खरंच सॉरी. हॉलचं रंगकाम आहे हो, दोनच दिवस.

साठे काकू बी-८, रा. ८.४५
रॅकच्या वेळीही दोनच दिवस होते. रॅक दिवाळीत आला. आता श्रावण संपत आला.

गोगटे काका बी-३, रा. ८.४७
हॉल आणि बाल्कनीमधली भिंत पाडायची नाही.

मंजिरी पाटणकर बी-९, रा. ८.४८
काका, भिंत पाडत नाहीये. रंग देतोय.

गोगटे काका बी-३, रा. ८.५६
तरी सांगून ठेवतो. आपली बिल्डिंग १९८४ ची, लोड बेअरिंग. आरसीसी फ्रेम नाही, म्हणजे भार खांबांवर नाही, भिंतींवर. बाल्कनीकडची ती भिंत नऊ इंची आहे, वरचा स्लॅब तिच्यावर टेकलेला आहे. शिवाय बाल्कनीचा स्लॅब बाहेर लोंबता आहे, त्याला मागून दाबून धरते ती हीच भिंत. हॉल-किचनमधली साडेचार इंची वेगळी. ती पाडायलाही आधी स्ट्रक्चरल इंजिनियर बोलवा. कॉन्ट्रॅक्टर म्हणतो ‘काका काही होत नाही’. त्याला काहीच होत नाही, तो राहतो दुसरीकडे.

रोहन बी-१ (भाडेकरू), रा. ८.५८
वहिनी, दिवाण द्यायचा असेल तर सांगा. आम्ही तिघं दोन गाद्यांवर झोपतोय.

केदार पाटणकर बी-९, रा. ८.५९
द्यायचा नाहीये. अण्णांचा आहे. अस्सल सागवान. पेठेतल्या वाड्यातून आलाय.

देसाई बी-६, रा. ९.०१
सागवान पॅसेजमध्ये आणि प्लायवूड हॉलमध्ये. चालू द्या.

मंजिरी पाटणकर बी-९, रा. ९.०७
देसाई साहेब, तुमचा हॉल १२ बाय १८ चा आहे, कोपऱ्यातला फ्लॅट आहे, दोन बाजूंनी खिडक्या आहेत. आमचा १० बाय १४. त्यात दिवाण, सोफा, टीव्हीचं युनिट, सासूबाईंची शोकेस. गौरीला पंचवीस माणसं येतात. गेल्या वर्षी आरतीला निम्मी माणसं जिन्यात उभी होती. साठे काकूही जिन्यातच होत्या. म्हणून या वर्षी जरा मोकळं करतोय, एवढंच.

साठे काकू बी-८, रा. ९.०९
मी जिन्यात होते कारण आत बोलावलं नाही कोणी.

साठे काकू बी-८, रा. ९.०९
असो.

भोसले सेक्रेटरी, रा. ९.१५
सर्व सभासदांना विनंती. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीव संरक्षक उपाययोजना अधिनियम २००६ नुसार जिने, पॅसेज व बाहेर पडण्याचे मार्ग मोकळे ठेवणे बंधनकारक आहे. ही सूचना नोटीस बोर्डावर मे महिन्यात लावली होती. कोणालाही उद्देशून नाही. 🙏

देसाई बी-६, रा. ९.१६
नोटीस बोर्डासमोर ए विंगची सायकल उभी आहे, त्यामुळे वाचता आली नाही.

कुलकर्णी वहिनी ए-२, रा. ९.१७
ती सायकल आमची नाही.

मृण्मयी (गोगटे काकांची पुतणी), रा. ९.३१
मंजिरीताई, मध्येच बोलते, चालेल ना? मी इंटिरियरच्या शेवटच्या वर्षाला आहे. खोली मोठी दिसण्यात क्षेत्रफळाइतकंच काम जमिनीचं असतं. जेवढी जमीन नजरेला सलग दिसते तेवढी खोली मोठी वाटते. म्हणून बॉक्स असलेला दिवाण किंवा जमिनीला टेकलेला सोफा अंगावर येतो. पाच-सहा इंच पायांचा सोफा घ्या, खालून फरशी दिसू दे. टीव्हीचं युनिट भिंतीला टांगा, खाली काही ठेवू नका. फरशी बदलू नका. तुमचं जुनं मोझॅक आहे ना? पॉलिश करून घ्या, झकास दिसतं.

मंजिरी पाटणकर बी-९, रा. ९.३३
अगं, केदारला मोझॅकवरच टाइल्स बसवायच्या होत्या.

मृण्मयी, रा. ९.३४
नको. जमीन इंचभर वर येते. मग सगळी दारं काढून खालून तासावी लागतात आणि बाथरूमचा उंबरा बसतो खाली, पाणी बाहेर.

गोगटे काका बी-३, रा. ९.३५
शिवाय स्लॅबवर फुकटचं वजन. आणि भिंत पाडायची नाही.

केदार पाटणकर बी-९, रा. ९.३६
काका!!

नायर सर ए-५, रा. ९.४०
हॉलमध्ये आरसा लावणार असाल तर एक विनंती. गेल्या वर्षी तुम्ही बाल्कनीसमोर मोठा आरसा लावलात. तेव्हापासून सकाळी आठ वाजता आमच्या बेडरूममध्ये दोन सूर्य उगवतात. एक आमचा, एक तुमच्याकडून.

मृण्मयी, रा. ९.४४
😄 सर, बरोबर आहे तुमचं. आरसा खिडकीसमोर लावला की उजेड आत पसरतो हे खरं, पण थेट ऊन येत असेल तर तसंच परतही जातं. खिडकीला काटकोनात असलेल्या बाजूच्या भिंतीवर लावायचा. आणि लावायच्या आधी त्याच जागी मोबाइल धरून फोटो काढून बघायचा, आरशात काय दिसणार आहे ते. समोर पसारा असेल तर पसारा दुप्पट होतो.

देसाई बी-६, रा. ९.४५
आमच्याकडे आरशात मीच दिसतो. त्यामुळे हॉल लहानच वाटतो.

कुलकर्णी वहिनी ए-२, रा. ९.४६
आरसा उत्तरेच्या किंवा पूर्वेच्या भिंतीवरच हवा. दक्षिणेला नको.

देसाई बी-६, रा. ९.४८
बी-९ च्या उत्तरेच्या भिंतीपलीकडे साठे काकूंचं देवघर आहे. ड्रिल मारताना कळवा, समई पडेल.

साठे काकू बी-८, रा. ९.५०
दुपारी १ ते ४ ड्रिल चालवायचं नाही. हे मी आत्ताच सांगून ठेवते. आणि दिवाणाचं अजून कोणी काही बोललेलं नाही. आरसे, फरशा, पडदे सगळं झालं.

मंजिरी पाटणकर बी-९, रा. ९.५१
पडद्यांचं अजून झालं नाही काकू.

साठे काकू बी-८, रा. ९.५२
हा मेसेज डिलीट करण्यात आला आहे.

मृण्मयी, रा. १०.०२
पडद्यांचं सांगूनच टाकते मग. आपल्याकडे खिडकी सात फुटांवर संपते आणि रॉड लगेच तिच्या डोक्यावर, नाहीतर ते जुनं लाकडी पेलमेट. पेलमेट काढा. रॉड छताखाली दोन इंचांवर न्या, खिडकीच्या दोन्ही बाजूंना फूटभर पुढे काढा आणि पडदा थेट फरशीपर्यंत सोडा. नजर वर जाते, साडेनऊ फुटांची खोली दहाची वाटते. पडदा उघडला की काचेवर येत नाही, अख्खी खिडकी मोकळी. कापड भिंतीच्या रंगाच्या जवळपासचं, मोठी फुलं नकोत. पीओपीचं फॉल्स सीलिंग अजिबात नको, चार-सहा इंच उंची जाते.

केदार पाटणकर बी-९, रा. १०.०४
मृण्मयी, एक भिंत मोरपंखी केली तर? मी कॅटलॉगमध्ये खूण करून ठेवलीय.

मंजिरी पाटणकर बी-९, रा. १०.०४
केदार, आपण घरी बोलू.

केदार पाटणकर बी-९, रा. १०.०५
घरीच आहे मी.

मृण्मयी, रा. १०.०९
केदारदादा, ऑफव्हाइट साधारण ८० टक्के उजेड परत फेकतो, गडद मोरपंखी दहाच्या आसपास. तुमच्याकडे खिडकी एकाच बाजूला. अगदी करायचीच तर दारातून शिरल्यावर समोर दिसणारी आखूड भिंत करा, ती पुढे आल्यासारखी वाटते, लांबट खोली चौकोनी दिसते. पण मोकळं वाटायला हवं असेल तर भिंती आणि छत एकाच फिकट रंगात. भिंत कुठे संपते ते चटकन कळत नाही. आणि छताला मधोमध एकच पांढरी ट्यूब नको, कोपरे काळे पडतात. कोपऱ्यात एक-दोन पिवळसर दिवे ठेवा.

मंजिरी पाटणकर बी-९, रा. १०.१०
वाचलंस ना?

गोगटे काका बी-३, रा. १०.१५
(पुन्हा पाठवत आहे) आपली बिल्डिंग १९८४ ची, लोड बेअरिंग. बाल्कनीकडची भिंत नऊ इंची आहे…

रोहन बी-१ (भाडेकरू), रा. १०.१७
ती रॅक तरी द्यायची आहे का?

देसाई बी-६, रा. १०.१८
ती रॅक नव्हे. तो रॅक.

कुलकर्णी वहिनी ए-२, रा. १०.१९
आमच्याकडे ते रॅक म्हणतात.

देसाई बी-६, रा. १०.२०
तुमच्याकडे म्हणजे सोलापुरात.

कुलकर्णी वहिनी ए-२, रा. १०.२१
सोलापुरात निदान हॉलमध्ये ठेवतात.

नायर सर ए-५, रा. १०.२३
सव्वीस वर्षं पुण्यात आहे. मला वाटायचं मराठीतलं लिंग मलाच कळत नाही. आज बरं वाटलं.

भोसले सेक्रेटरी, रा. १०.२५
कृपया विषयाला धरून बोलावे. पंप ११ वाजता बंद होईल.

साठे काकू बी-८, रा. १०.४८
विषयाला धरूनच बोलते. आज संध्याकाळी मी टेप घेऊन मोजलं. पॅसेज चार फूट. दिवाण अडीच फूट. उरला दीड. मार्चमध्ये ह्यांना रात्री दीड वाजता खाली नेलं तेव्हा स्ट्रेचर वळणावर अडकलं होतं, कारण रॅक. केदारनेच ह्यांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून खाली आणलं, मागून देसाईंनी धरलं होतं. ते मी विसरलेले नाही, कधी विसरणारही नाही. पण तेव्हाही रॅक तिथेच होता आणि आजही आहे. तुमचा हॉल ऐसपैस दिसावा याला माझी ना नाही. पण तुमच्या हॉलमधून जी जागा निघाली ती गेली कुठे? माझ्या दारात.

केदार पाटणकर बी-९, रा. १०.५५
काकू, सकाळी हलवतो. शब्द.

मंजिरी पाटणकर बी-९, रा. १०.५९
काकू, खरं सांगते. दिवाण विकावा असं माझ्या मनात होतं. बुधवारी-रविवारी जुना बाजार भरतो, तिथे दोन हजारसुद्धा मिळणार नाहीत म्हणाले. आणि केदार त्याला हात लावू देत नाही. अण्णा त्याच्यावर दुपारी पेपर वाचत पडायचे ना. मग मध्यममार्ग म्हणून पॅसेज. चूक झाली.

देसाई बी-६, रा. ११.०१
पुण्यात मध्यममार्ग नेहमी दुसऱ्याच्या दारातून जातो.

कुलकर्णी वहिनी ए-२, र. स. ६.१२
🌸 शुभ प्रभात 🌸 मन मोठे असेल तर घर कधीच लहान वाटत नाही. पुढे पाठवा.

साठे काकू बी-८, र. स. ६.३०
वहिनी, हे कोणाला उद्देशून आहे?

कुलकर्णी वहिनी ए-२, र. स. ६.३१
माहेरच्या ग्रुपवरून आलंय हो.

मृण्मयी, र. स. ९.२०
मंजिरीताई, रात्री विचार करत होते. दिवाण हॉलमध्येच राहू शकतो. बॉक्सच्या फळ्या स्क्रूवर असतील तर त्या काढा, नुसती चौकट आणि पाय ठेवा. बेडशीट खाली लोंबू देऊ नका. खिडकीखाली लांबीत लावा, पाठीला लोड. सोफ्याचं काम होईल, मग सोफाच नको. हलवायची असेल तर शोकेस हलवा. काचेच्या कपाटात मांडलेले तीस कप-बशा ही सर्वात मोठी गर्दी आहे.

मंजिरी पाटणकर बी-९, र. स. ९.२२
सासूबाई या ग्रुपवर आहेत गं.

पाटणकर आजी बी-९, र. स. ९.४०
वाचले.

देसाई बी-६, र. स. ९.४१
🙏🙏

पाटणकर आजी बी-९, र. स. ९.५८
कप २४ आहेत. सहा १९९७ मध्ये केदारने फोडले. सोफा मला कधीच आवडला नव्हता. त्यातून उठता येत नाही. सोफा विका. कपांचे मी बघते.

रोहन बी-१ (भाडेकरू), र. स. ९.५९
आजी, सोफा केवढ्याला?

देसाई बी-६, र. स. १०.०१
आधी विचार तो उतरणार कसा. चढताना दोराने बाल्कनीतून घेतला होता. जोशी काकूंची तुळस गेली त्यात. ते प्रकरण अजून मिटलेलं नाही.

जोशी काकू बी-५, र. स. १०.०५
नाहीच मिटलेलं.

केदार पाटणकर बी-९, र. दु. १२.४०
दिवाण हलवला आहे. पॅसेज मोकळा. (फोटो)

भोसले सेक्रेटरी, र. दु. १२.४२
सहकार्याबद्दल आभार. 🙏

साठे काकू बी-८, र. दु. १२.५०
आभारी आहे केदार. ह्यांच्यासाठी खीर केली आहे, संध्याकाळी डबा न्यायला ये.

गोगटे काका बी-३, र. दु. १२.५५
दिवाण हलवताना बाल्कनीकडच्या भिंतीला धक्का लागला नाही ना? (पुन्हा पाठवत आहे) आपली बिल्डिंग १९८४ ची…

कुलकर्णी वहिनी ए-२, र. रा. १०.१०
आमच्या विंगमध्ये जिन्याखाली मीटरबॉक्ससमोर एक दिवाण आहे. सागवानी दिसतो. कोणाचा?

देसाई बी-६, र. रा. १०.११
😶

केदार पाटणकर बी-९, र. रा. १०.१४
वहिनी, दोनच दिवस. रंग वाळेपर्यंत.

कुलकर्णी वहिनी ए-२, र. रा. १०.१६
आणि त्यावर वॉचमन काका झोपलेत. उठवू का?

साठे काकू बी-८, र. रा. १०.१८
नका उठवू. पहाटे पाचला पंपासाठी उठायचं असतं त्यांना.

साठे काकू बी-८, र. रा. १०.१९
केदार, दिवाण गेला, पण रॅक इथेच आहे.