मदत हवी आहे: 'रस्ता वाटून घ्या' या फलकासाठी निःसंदिग्ध मराठी वाक्य

नमस्कार. मोटारी आणि सायकली एकाच मार्गिकेतून जातात अशा एका अरुंद रस्त्यासाठी फलकाचा मराठी मजकूर सुचवण्याचे काम माझ्याकडे आले आहे आणि मी एका क्रियापदापाशी अडलो आहे.

अमेरिकेत सायकलच्या चित्राखाली 'शेअर द रोड' अशी पाटी लावण्याची पद्धत होती, म्हणून पहिल्या खर्ड्यात मी 'रस्ता वाटून घ्या' असे लिहिले. परंतु वाटून घेणे म्हटले की आपल्याला वाटणी आठवते (आणि वाटणी म्हटली की भांडण आलेच). मूळ इंग्रजी शब्दांचेही तेच झाले. सायकलस्वाराने कडेला सरकून वाट द्यावी असा अर्थ चालक घेतो, तर चालकाने धीराने मागे राहावे असा सायकलस्वार. या संदिग्धतेमुळे डेलावेअर राज्याने २०१३ मध्ये ती पाटी बंद केली आणि तेथील राष्ट्रीय वाहतूक-चिन्ह नियमावलीच्या २०२३ च्या आवृत्तीतूनही ती वगळण्यात आली. 'सायकली पूर्ण लेन वापरू शकतात' अशा अर्थाचा फलक मात्र २००९ पासून त्या नियमावलीत आहे.

माझ्या मते हा दुसरा फलकच योग्य आहे, कारण मोटारीची रुंदी सुमारे १.८ मीटर, सायकलस्वाराची ०.७५ मीटर आणि दोघांमध्ये सुरक्षित अंतर १.५ मीटर धरले तरी बेरीज ४ मीटरच्या पुढे जाते, आणि मार्गिका असते जेमतेम ३ ते ३.५ मीटर. म्हणजे त्याच मार्गिकेत राहून सायकलला मागे टाकणे शक्यच नसते, आणि सायकलस्वार कडेला चिकटून चालला की चालकाला ते शक्य आहे असा भास होतो.

आता प्रश्न शब्दांचा. 'वापरू शकतात' हे मराठीत परवानगीपेक्षा क्षमतेकडे झुकते, 'मुभा आहे' म्हटले तर हक्काऐवजी उपकार वाटतो आणि 'मार्गिका' हा शब्द कागदोपत्री रुळला असला तरी बोलताना सगळे 'लेन'च म्हणतात. सध्या माझ्यापुढे 'सायकलसाठी पूर्ण लेन' आणि 'सायकलला ओलांडताना लेन बदला' असे दोन पर्याय आहेत. दुसरा चालकाला थेट सूचना देतो. पण समोरून वाहन येत असतानाही कोणी तो शब्दशः पाळेल, अशी धास्ती वाटते.

यांपैकी कोणता मजकूर धावत्या वाहनातून पटकन कळेल? तसेच, वेलांट्या-मात्रांमुळे देवनागरी ओळीला जास्त उंची लागते, तेव्हा चित्राखाली दोन ओळी वाचनीय राहतील का, हे फलक रंगवण्याचा किंवा आखण्याचा अनुभव असलेल्यांनी कृपया सांगावे.