पाइप चेपण्याआधी माउंट पाहावेत

नवे हेडर (इंजिनातून धूर बाहेर नेणारे पाइप) बसवल्यावर क्लच सोडताना पाइप क्रॉसमेंबरवर (गाडीच्या सांगाड्याच्या आडव्या पट्टीवर) आदळतो, म्हणून तो हातोडीने चेपावा, हा सल्ला मला पटत नाही; चेपलेल्या जागी वायूचा मार्ग अरुंद होतो आणि हेडरचा खर्चच वाया जातो. आधी इंजिनला जागेवर धरून ठेवणारे रबरी माउंट तपासावेत; ते फाटले की इंजिन जास्त हलते. माझ्या गाडीचे एक फाटलेले निघाले. ते बदलल्यावर मुलाच्या खेळण्यातील मातीचा गोळा (त्याने अद्याप क्षमा केलेली नाही) पाइप आणि क्रॉसमेंबरमधल्या फटीत चिकटवला आणि थंड इंजिन सुरू करून, ब्रेक दाबून क्लच हळूच सोडला, तर गोळा पापडासारखा चपटा झाला, म्हणजे फट अजून कमीच होती. शिवाय स्टेनलेस स्टीलचा एक मीटर पाइप ५०० अंश सेल्सिअसने तापल्यास स्टीलच्या प्रकारानुसार सुमारे ६ ते ९ मिलिमीटर लांबतो, हे धरूनच जागा सोडावी. शेवटी इथे बडोद्यात, मकरपुऱ्यातील वेल्डरकडून जोड कापून, किंचित फिरवून पुन्हा जोडून घेतला.