सोन्याचे कण घातले आणि पेशींची चमकच विझली

पिपेटवाली: पीएचडीचं दुसरं वर्ष. धातूच्या नॅनोकणांजवळ रंगद्रव्य ठेवलं की फ्लुरोसन्स (प्रकाश टाकल्यावर रंगद्रव्य देतं ती चमक) वाढतो असं वाचलं, म्हणून सायट्रेट या क्षाराने २० नॅनोमीटरचे सोन्याचे कण केले. वाइनसारखा लाल, सुंदर रंग. हेला पेशींना (प्रयोगशाळेत वाढवतात त्या मानवी पेशी) एफआयटीसी हे हिरवं चमकणारं रंगद्रव्य लावलेली अँटीबॉडी दिली आणि कण पीबीएसमध्ये, म्हणजे पेशींसाठीच्या खारट द्रावणात, मिसळून वर ओतले. ट्यूबमध्येच सगळं जांभळं झालं! मायक्रोस्कोपखाली पेशी कणांशिवायच्या पेशींपेक्षाही अंधुक. गाईड म्हणतात, पुन्हा कर. चारदा केलं. चुकतंय कुठे?

अंधारखोली: ताई, पाचव्यांदा करू नका, तेच होईल. जांभळं म्हणजे कणांच्या गुठळ्या झाल्या. सायट्रेटच्या ऋण भारामुळे ते एकमेकांपासून लांब राहतात. पीबीएसमधल्या मिठाने तो भार झाकला की चिकटलेच.

पण गुठळ्या टाळल्या तरी चमक वाढणार नाही. रंगद्रव्य सोन्याला अगदी टेकलं की त्याची ऊर्जा धातूच गिळून टाकतो. फायदा हवा तर मध्ये साधारण ५ ते २० नॅनोमीटर फट लागते. त्यात एफआयटीसीचा प्रकाश ५२० नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपास, आणि तुमचे कण शोषतातही नेमके तिथेच! मोठे कण घ्या, रंगद्रव्य लांबच्या लाल पट्ट्यातलं घ्या, आणि कणांवर सिलिकाचं पातळ कवच चढवा. आधी पीव्हीपी हा पॉलिमर लावा, नाहीतर सोन्यावर सिलिका धरत नाही. माझं पहिलं कवच ४० नॅनोमीटरचं झालं होतं. चमक जैसे थे. महिना गेला.

चंदेरी: हिरवं रंगद्रव्यच ठेवायचं असेल तर चांदी बघा ना. त्या पट्ट्यात सोन्यापेक्षा बरी.

अंधारखोली: बरी, पण जिवंत पेशींवर जपून. चांदीचे आयन सुटतात, पेशी मरतात. फिक्स केलेल्या, म्हणजे रसायनाने आधीच मारून स्थिर केलेल्या असतील तर ठीक.

कव्हरस्लिप: मी काचेवरच चांदीचा थर देऊन पेशी वाढवते. काचेला टेकलेलं पेशीपटल झकास दिसतं, केंद्रकाला मात्र काडीचा फरक नाही, ते फार वर. आणि पिपेटवाली, कण आहेत पण रंगद्रव्य नाही अशी एक प्लेट ठेवली होतीस का? सोनं स्वतःच प्रकाश विखुरतं. ते ठिपके बघून मी एकदा पेढे वाटणार होते.

पिपेटवाली: नव्हती ठेवली. 🙈 पेशी फिक्स केलेल्याच आहेत. उद्या पीव्हीपी मागवते. जांभळी ट्यूब अजून रॅकवर आहे, आता वर स्वच्छ पाणी आणि तळाशी काळा गाळ.